प्लाटियाचं दार कोणी उघडलं

शिरीष, तुझी खोली येत्या शुक्रवारी बारापर्यंत रिकामी करून द्यायची आहे. इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर दोनदा येऊन बजावून गेला, भिंतीत एकही खिळा राहता कामा नये आणि खिडकीची काच आतून-बाहेरून पुसलेली हवी. माणूस जाऊन सोळा दिवस झालेत आणि ह्याला काचेची पडलीय. मी गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत त्याला वाटेला लावलं, दार लावून घेतलं आणि तुझ्या त्या एका बाजूला कलणाऱ्या खुर्चीवर बसून रडले.

ऑफिसला सुट्टी टाकून गुरुवारपासून रोज मी वाल्डॉर्फहून इथे हायडेलबर्गला येतेय. माझ्या नवऱ्याला, मंदारला वाटतंय मी सामान आवरतेय. तुझं सामान ते काय, चार खोकी. मी शोधतेय रे. तुझी प्रत्येक वही झटकून बघितली, पुस्तकांची पानं उलटली, जुन्या पाकिटांच्या पाठी वाचल्या. मला एक ओळ हवीय. कुठेतरी, कशाच्या तरी समासात, तू मला माफ केलंस असं लिहिलेलं. अर्धी ओळ असली तरी चालेल. आता तुझ्यापासून काय लपवायचं, ती नाही सापडली तर मी पुढे कशी जगणार आहे मला कळत नाहीये.

आत्तापर्यंत काय सापडलं ते ऐक. वेढ्याच्या भिंतीच्या अकरा आकृत्या. मिरजेहून आलेल्या मेतकुटाचा अर्धा डबा. लाँड्रीची टोकनं, ग्रीक क्रियापदांचे तक्ते, एकाच पायाचे सात मोजे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

तुझ्या शोकसभेला इथली आपली मराठी मंडळी जमली होती. पंचवीसेक जण, बहुतेक माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले. एकाने हळूच विचारलं, शिरीष नक्की कशात होता? मी म्हटलं, प्राचीन ग्रीक नगरराज्यांच्या युद्धांवर पीएचडी करत होता. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे गेमिंगमध्ये. मला त्याच्या तोंडावर हसू फुटलं आणि ते थांबेचना, शेवटी मंदारने मला बाहेर नेलं. तू असतास तर त्याला खुर्चीवर बसवून पाऊण तास प्लाटिया समजावली असतीस, आणि तो बिचारा घड्याळ बघत राहिला असता.

मलाही तू तशीच समजावली होतीस, पहिल्याच रविवारी. पुण्यातली चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून हा बत्तिसाव्या वर्षी ग्रीक शिकायला आलाय हे ऐकून मीच तुला जेवायला बोलावलं होतं, खरं तर थोडी अक्कल शिकवायला. तू आमटीभात संपवलास आणि म्हणालास, वृंदाताई, समजा मिरज म्हणजे प्लाटिया आणि सांगली म्हणजे थीब्ज. अंतरही जवळजवळ तेवढंच. सांगली मोठी, तिला वाटतं मिरजेने आपल्या कह्यात राहावं. मिरजेला ते मान्य नाही, म्हणून ती लांबच्या अथेन्सशी दोस्ती करते. मग थीब्ज स्पार्टाला धरून बसतं. मोठ्यांची भांडणं पेटतात आणि मधल्यामधे ह्या एवढ्याशा गावाचं वाटोळं होतं. तू मिरजेचा, त्यामुळे तुझी बाजू ठरलेलीच होती. माझं माहेर सांगलीचं निघालं तेव्हा तू ताट घेऊन खुर्ची लांब सरकवलीस.

त्यानंतर सहा वर्षं तू दर रविवारी आलास. एकची गाडी पकडायचीस, पावणेदोनला बेल. इथल्या मुक्या रविवारी, दुकानं बंद, कपड्यांचं मशीन लावलं तरी शेजारी तक्रार करणार, अशा त्या दुपारी आपल्या घरात तेवढा आरडाओरडा असायचा. माझी ओवी तेव्हा चार वर्षांची होती. तिला तू वेढ्याची गोष्ट सांगितलीस. स्पार्टावाल्यांनी गावाभोवती विटांची भिंत घातली, आतल्यांना शिड्या करायच्या होत्या, पण उंची कशी कळणार? मग बऱ्याच जणांनी मिळून लांबूनच विटांचे थर मोजले, पुन्हा पुन्हा मोजले, म्हणजे काही जण चुकले तरी बहुतेकांचा आकडा बरोबर येईल. लगेच तू आम्हाला बाल्कनीत उभं केलंस आणि समोरच्या गॅरेजच्या भिंतीचे थर मोजायला लावलेस. माझे एक्केचाळीस आले, मंदारचे त्रेचाळीस. ओवी जर्मनमध्ये मोजत वीसपर्यंत गेली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. तू म्हणालास, ह्या कुटुंबाच्या भरवशावर कोणीही वेढ्यातून सुटणार नाही.

आणि त्या एकशे दहा बायका. त्यांच्यावरून मी तुझं डोकं किती खाल्लं. बायकामुलांना आधीच अथेन्सला पाठवलं होतं, गावात चारशे-पाचशे पुरुष आणि त्यांच्यासाठी भाकरी भाजायला एकशे दहा बायका मागे ठेवल्या. भिंतीवर तुझी चाळीस पानं आणि त्या बायकांवर अर्धी ओळ. मी विचारायची, का रे बाबा? तू म्हणायचास, त्या काळच्या इतिहासकाराने अर्धीच ओळ लिहिलीय, मी कुठून आणू? मी म्हणायची, त्यालाही दोन वेळा गरम गरम मिळत असणार, म्हणून अर्धीत आटोपलं. गाव पडल्यावर पुरुषांना मारलं आणि त्या बायकांना विकून टाकलं, हे तू मला सांगितलंस त्या दिवशी मी भांडी आपटली होती. हा वाद आपण पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत सहा वर्षं चालवला.

पण तुझा जीव अडकला होता तो दारात. सगळं सुरू झालं एका दारापासून. थीब्जचे तीनशे सैनिक गावात शिरले ते लढून शिरले नाहीत, प्लाटियाच्याच काही माणसांनी दार आतून उघडलं. इतिहासकार म्हणतो, सत्तेच्या लोभाने उघडलं. सगळे जण अडीच हजार वर्षं तेच म्हणत आले. तुझं एकट्याचं म्हणणं वेगळं होतं. त्या माणसांना खरंच वाटत असणार की युद्ध येतंय, मोठ्यांपुढे आपलं गाव टिकणार नाही, वेळेत दार उघडलं तर निदान माणसं तरी वाचतील. ते गद्दार नव्हते, घाबरलेले होते. हे सिद्ध करायला तुझ्याकडे पुरावा नव्हता. तुझा गाइड, इथल्या भाषेत डॉक्टरफाटर, दर वेळी शांतपणे हेच विचारायचा की पुरावा कुठेय. तू घरी येऊन मला सांगायचास, ताई, माणूस घाबरतो ह्याला काय पुरावा लागतो?

मग तुझं लिहिणं थांबलं. ते कधी थांबलं हे मला उशिरा कळलं. सहाव्या वर्षी तू बारीक झालास, जेवताना मधेच गप्प व्हायचास. एका रविवारी भांडी पुसता पुसता तू सांगितलंस की गेल्या वर्षभरात एक पान लिहिलेलं नाही, झोप येत नाही, गाइडला मात्र सांगितलंय की शेवटची दोन प्रकरणं उरलीत. करार संपत आलेला, तो वाढला नाही तर आउफेन्टहाल्टचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं काय होणार हा प्रश्न. तू म्हणालास, कोणाला बोलू नकोस. मी म्हटलं, नाही बोलणार. तेव्हा खरंच बोलणार नव्हते रे.

पुढच्या आठवड्यात मी काय केलं ते इथल्या भिंतींना तरी सांगते, बाकी कोणाला सांगायची हिंमत नाही. आमच्या सांगलीत काय करतात? पोरगं अडकलं की घरातलं कोणीतरी मोठं माणूस सरांच्या घरी जातं, पेढे ठेवतं, म्हणतं, सर, मुलगा हुशार आहे, जरा अडचणीत आहे, सांभाळून घ्या. सर म्हणतात, बघतो. माझ्या चुलतभावाचं एमफिल असंच पार पडलं. मी तुझी मोठी बहीण असल्यासारखी, तुला न विचारता, बेसनाचे लाडू घेऊन तुझ्या प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला जाऊन बसले. त्यांनी एक लाडू घेतला आणि डबा अदबीने परत माझ्याकडे सरकवला. मी माझ्या ऑफिसछाप जर्मनमध्ये सगळं सांगितलं. वर्षभर एक पान नाही, झोप नाही, जेवण नाही, तुम्हाला सांगायला घाबरतो. सर, प्लीज. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझे आभार मानले, आणि मी आनंदात गाडीत बसले. काय ती मूर्ख बाई. गाडीत मी उरलेल्या लाडवांमधला एक खाल्ला.

त्यांनी तुला बोलावून अगदी प्रेमाने सांगितलं म्हणे, तुम्ही आजारी आहात, काम थांबवा, करार वाढवायचा अर्ज मी आत्ता पुढे पाठवत नाही, तुमच्या मैत्रिणीने मला सगळं सांगितलंय. इथे तसं कोणी कोणाच्या वतीने बोलत नाही आणि जो बोलतो त्याचं ऐकून माणसाचा कागद बदलतो, हे मला अकरा वर्षं इथे राहून कळायला नको होतं का? कळत होतं. ऑफिसात मी कोणाच्या तापाबद्दलसुद्धा तिसऱ्याला बोलत नाही. पण तुझ्या बाबतीत मी एकदम सांगलीची झाले.

तू रविवारी आलास, बूट न काढता दारातच उभा राहिलास. मी बोलत सुटले. तुझ्या भल्यासाठी, तू कोणाला सांगत नव्हतास म्हणून, तू मेला असतास म्हणून. तू ऐकून घेतलंस. मग मी म्हटलं, सहा वर्षं तू त्या दार उघडणाऱ्यांची वकिली करतोयस, ते गद्दार नव्हते, घाबरलेले होते म्हणून. मग मी काय वेगळं केलं? मीही घाबरलेच होते ना?

तू म्हणालास, "समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, ताई. आणि माफ करायला त्या गावात नंतर कोणी उरलं नाही."

तू जिना उतरून गेलास. ओवी आतून विचारत होती, मामा जेवायला का थांबला नाही, अर्थात जर्मनमध्ये. मी तिला ओरडले.

चौदा महिने. तू कुठल्यातरी दुसऱ्या संस्थेत तासांवर शिकवायचं काम धरलंस, परवाना टिकवलास, प्रबंध पुन्हा सुरू केलास, हे मला इकडून तिकडून कळत होतं. एकदा हायडेलबर्ग स्टेशनवर तू समोरच्या फलाटावर दिसलास. तूही मला बघितलंस. मधे दोन रूळ होते. मी मनात म्हटलं, मी चुकले असेन, पण मी काय शत्रू आहे का, त्याने आधी हात करावा. तुझी गाडी आली आणि तू दिसेनासा झालास. मी मोबाइल काढून तुझं नाव उघडलं, 'सॉरी' लिहिलं, खोडलं, मग 'कसा आहेस' लिहिलं, तेही खोडलं. मला वाटलं, सॉरी म्हटलं तर मी गद्दार होते हे कबूल केल्यासारखं होईल. केवढी मोठी लढाई जिंकत होते मी त्या फलाटावर.

आणि मग सोळा दिवसांपूर्वी काकूंचा, तुझ्या आईचा, मिरजेहून फोन. हॉस्पिटलमधून कोणीतरी बोलतंय, जर्मन आहे, मला काही कळत नाही, वृंदा, तू जाऊन बघ ना. मला त्यातही एक गोष्ट जाणवली की तू आईला आपल्या भांडणाचं सांगितलेलं नाहीस. मी धावले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, तुम्ही नात्याने कोण? मी म्हटलं, मैत्रीण. ती म्हणाली, मग मी काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, बहीण. तिने आडनाव बघितलं आणि मान हलवली. मेंदूत रक्तस्राव झालाय, वाचनालयात टेबलावरच कोसळला, हे मला तासाभराने कळलं, काकूंनी तिकडून सहीचं पत्र फोटो काढून पाठवल्यावर. इथे तोंड बंद ठेवायची शिस्त किती कडक आहे, हे मी त्या बाकावर बसून शिकले. चौदा महिने उशिरा.

आत सोडलं तेव्हा तू यंत्रावर होतास. मला चाळीस मिनिटं मिळाली. शिरीष, मी त्या चाळीस मिनिटांत काय बोलले माहितेय? गाडी उशिरा आली हे बोलले. स्टेशनवरून इकडे बस मिळत नाही हे बोलले. ओवी आता सहावीत जाणार हे बोलले. जे बोलायचं होतं ते जिभेवर येईना, कारण नर्स उभी होती, आणि मला वाटलं, उद्या सांगू, जरा शुद्धीवर आला की नीट सांगू. त्याच रात्री तू गेलास. तिला मराठी कळत नव्हतं. मी काय लाजत होते, कोणाला लाजत होते?

काकूंना व्हिसा मिळाला नाही, त्यांनी अंत्यविधी फोनवर पाहिला. मोबाइल मी धरला होता आणि सारखी डोळे पुसत होते, त्यांना अर्धा वेळ छतच दिसलं असणार. अस्थी इथे लगेच कोणाच्या हातात देत नाहीत, कागद पूर्ण झाले की मी घेऊन फ्रँकफर्टहून निघेन. हे सगळं मी करतेय. फॉर्म, टेर्मिन म्हणजे कचेऱ्यांतल्या भेटीच्या वेळा, शिक्के, सगळं, आणि कुठेही मला कोणी अडवत नाही आता. तू मात्र विचारू नकोस की हे प्रेमाने करतेय की भीतीने. मलाही माहीत नाही.

इथवर लिहिलं आणि काकूंचाच फोन आला. मी जमिनीवर बसून बोलले, मांडीवर तुझ्या वह्या. त्या म्हणाल्या, आज रविवार ना गं, सवयीने हातात फोन घेऊन बसले होते. तुमच्याकडून जेवून आला की करायचा ना तो.

मी मांडीवरची वही मिटली.

त्या सांगत राहिल्या. दर रविवारी तू त्यांना सगळं सांगायचास म्हणे. ताईने आज काय केलं होतं, मंदार कसा पेंगत होता, ओवीचा दात पडला, तिने तो डबीत ठेवलाय. मी कशावरून चिडले, तू मला कसं अजून चिडवलंस. गेल्या महिन्यात मी म्हणे तुला पुरणपोळी दिली आणि तू चार खाल्ल्यास. मी हो काकू, हो काकू म्हणत होते. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, एवढं तरी तुझं राखावं, आईपुढे तुला खोटं पाडू नये.

मग त्या म्हणाल्या, "वृंदा, तू तरी माझ्याशी खोटं बोलू नकोस. तो येत नव्हता ना तुझ्याकडे?"

त्या म्हणाल्या, मला वर्षापूर्वीच कळलं. एका रविवारी म्हणाला, ताईने भरली वांगी केली होती, दोनदा घेतली. जन्मात कधी वांग्याला हात लावला नाही त्याने. मी विचारलं, मग तुम्ही त्याला बोलला का नाहीत? मागे त्यांच्या घरात पंखा वाजत होता.

"कशी बोलणार? बाकी सगळे दिवस नुसता हूं हूं करायचा गं. रविवारी तुझ्या घरचं सांगताना तेवढा त्याचा आवाज बरा असायचा. हसायचासुद्धा. मी विचारलं असतं तर तेही बंद झालं असतं."

फोन ठेवून आता अर्धा तास झाला. वह्या मी खोक्यात भरल्या, पुढे काही शोधलं नाही. शिरीष, त्या चौदा महिन्यांत मी एकही रविवार घराबाहेर गेले नाही. मंदारला दुपारी कुठे निघू दिलं नाही, ओवीच्या मैत्रिणींचे वाढदिवस चुकवले, तीन वाजेपर्यंत ताटं उचलली नाहीत. तू इथे ह्या खुर्चीवर बसून आमच्या घरी जेवत होतास आणि मी तिथे बसून तुझी वाट बघत होते, आणि मधे फक्त बारा मिनिटांची गाडी होती. दोघांपैकी कोणीही एक फोन करायला हवा होता. तू लहान होतास, तुला राग होता, तुझं बरोबरच होतं. मी मोठी होते.